हिरव्या लुगड्याची झोळी

देव आहे की नाही, या प्रश्नावर तुमच्या आजोबांची इंग्रजी पुस्तके वाचण्यात मी बरीच वर्षे घालवली आणि उत्तर काही मिळाले नाही. बाळांनो, तुम्ही समुद्रापलीकडे रंगूनला आहात. तिकडे तुम्हालाही कधीतरी हा प्रश्न पडेल. त्या वेळी उपयोगी पडावे म्हणून माझ्या बाबतीत जे घडले ते जसेच्या तसे लिहून ठेवते. त्याचा अर्थ तुम्ही लावा.

तुमची आई अजून रांगतही नव्हती, तेव्हा तुमचे आजोबा तापाने गेले. ते ठाण्याच्या शाळेत मास्तर होते आणि मला इंग्रजी त्यांनीच शिकवले. शिकलेल्या बायकोचा नवरा जगत नाही, असे कल्याणच्या माझ्या जाऊबाई तेराव्याच्या दिवशीच सर्वांदेखत म्हणाल्या. त्यांच्या घरात पोरीला जागा होती, मला नव्हती. थोरले दीर मनाने वाईट नव्हते. त्यांनी निरोप धाडला, की दोघींच्या पोटापुरते मिळवता आले तर मुलगी खुशाल तुझ्याजवळ राहू दे. नाहीतर संक्रांतीनंतर तिला इकडे पोचती कर.

मला हाताने करता येण्यासारखे एकच होते, शिवण. पण पोरीला खाली ठेवले की ती रडे, आणि धरायला घरात दुसरे माणूस नव्हते. म्हणून पेटीतून माझे डोहाळजेवणाचे हिरवे लुगडे काढले. ते आता मला नेसायचे नव्हते. त्याच्या घड्या घालून गोधडीसारखा धावदोरा घातला, रुंद बंद लावले आणि तिला पाठीशी बांधून कामाला बसले. तशीच पाण्याला गेले, तर शेजारच्या काकू ओट्यावरून म्हणाल्या, "काय हो मास्तरीणबाई, आता कातकरणीसारख्या मोळ्याही विकणार की काय?" साऱ्याजणी हसल्या. पण हसणाऱ्यांतल्याच दोघी-तिघी नंतर हळूच येऊन विचारून गेल्या, आमच्या सुनेला अशी शिवून द्याल का?

माझ्या मनात आशा उत्पन्न झाली. मी बाजारातून नवा, स्वच्छ मांजरपाट आणला आणि नेटक्या झोळ्या शिवल्या. त्या एकामागून एक परत आल्या. काकूंनी तर सुनेसाठी नेलेली झोळी उंबऱ्याबाहेरच ठेवली. "अगं, कोऱ्या कापडात लेकरू बांधायचं? कोऱ्यात कुणाला बांधतात, ते तुला मी सांगायला हवं का?"

नको होते. थोड्याच महिन्यांपूर्वी मी ते डोळ्यांनी पाहिले होते. बाळाचे पहिले अंगडेही आपण जुन्याचेच शिवतो, हे मला ठाऊक होते; पण विकायची वस्तू जुन्या कापडाची द्यायची कशी? आणि विधवेच्या पेटीतले जुने कोण घेणार? कोरे चालत नव्हते, जुने देता येत नव्हते. अशात संक्रांत येऊन गेली.

कल्याणला आगगाडी होती. पण गाडी फार लवकर पोचवते, म्हणून मी खाडीतून जाणाऱ्या होडीत बसले. लेकीबरोबर तेवढाच वेळ जास्त. देव्हाऱ्यातला पितळी रांगता बाळकृष्ण झोळीच्या घडीत ठेवला होता. लेकीबरोबर त्यालाही देऊन टाकावे असे मनात होते. पोर माझ्या पाठीवर गाल टेकून झोपली होती आणि तिचा श्वास मला लुगड्यातून ऊन लागत होता.

कोपर गावाच्या आसपास ओहोटी लागली आणि होडी गाळात रुतली. पुन्हा भरती येईपर्यंत काठावर थांबा, असे तांडेल म्हणाला. सगळे उतरून काठावरच्या तिवरांच्या झाडीकडे चालू लागले. मी मागे पडले. एक पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत गेला, दुसरा त्याहून खोल. हाक मारली, ती पुढे गेलेल्यांना ऐकू गेली नाही. तेव्हा मी मनात म्हणाले, "माझ्याने होत नाही. आता तूच सांभाळ." आयुष्यात पहिल्यांदा मी काही मागितले ते असे, गाळात उभी राहून.

कोणीतरी माझा दंड धरला. एक कोळीण होती, डोक्यावर पाटी, लुगडे गुडघ्यावर खोचलेले. तिने मला ओढून काठावर बसवले आणि आधी पोरीच्या तोंडावरचा चिखल पुसला.

"कय चाललीस गो बाय, आवऱ्या पोरीला घेऊन?"

"हिला काकांकडे पोचवायला."

"आन् तू?"

"मी परत."

"रिकामी झोली पाठीला बांदून?"

मी रडू लागले. तिने समजूत घातली नाही. झोळीची शिवण बोटांनी चाचपून बघितली. "तुज्याच लुगऱ्याची हाय नं? मना पन आशीच शिवून दे. लुगरा माजा मी आनीन." माझे घर विचारून घेतले आणि पाटी उचलून ती तिवरांतून निघून गेली.

तिचे शेवटचे बोलणे मला एकदम उमगले. ज्या आईची झोळी, तिचेच जुने लुगडे! भरती आली, होडी कल्याणकडे निघाली. मी चढले नाही. ठाण्याकडे परतणाऱ्या एका मचव्यात जागा मिळाली.

पुढे कोळणी आल्या, मिठागरांवरच्या बायका आल्या, बाळकुमच्या शेतकरणी आल्या, आणि अखेर आमच्या आळीतल्या काकूही आपले जांभळे लुगडे काखेत घेऊन आल्या. प्रत्येक कोळणीला मी त्या बाईबद्दल विचारले. जी ती दुसरीकडे बोट दाखवी. ती स्वतः कधी आली नाही. ती कोण होती, हे मी ठरवू पाहिले नाही. मला हात हवा होता, तो मिळाला.

त्या दिवशी जिला कल्याणला सोडवेना, तिला पुढे लग्न झाल्यावर मीच रंगूनच्या बोटीत बसवून दिले. तेव्हाही मनात तेच शब्द होते, आता तूच सांभाळ. आता घर फार शांत असते. तुमच्या नव्या भावासाठी ती हिरवी झोळी पाठवत आहे. घडीत बाळकृष्ण आहे, त्याला जपून काढा. देव्हाऱ्यात आता त्याच्या जागी सुपारी ठेवून दिवा लावते, आणि सुईत दोरा ओवून बसते. त्या कोळणीचे लुगडे अजून यायचे आहे.