ओट्यावरचं खुराडं

आज वाळल्या गवताची पेंढी सोडली आणि त्या वासासरशी मला हिवरखेडचा आमचा ओटा आठवला. कापसाला सोन्याचा भाव आला होता, ते दिवस. मी नुकतीच सासरी आले होते आणि माहेरच्या आठवणीनं रडायची, म्हणून नवऱ्यानं अकोल्याहून पांढऱ्या सशांची जोडी आणली. मांजराच्या भीतीनं त्यांना बांबूच्या खुराड्यात घालून ते मी ओट्यावर ठेवलं, आत गवत अंथरलं, मातीच्या परळात पाणी ठेवलं.

महिन्याभरानं एका सकाळी मादी आपल्याच छातीचे केस तोंडानं उपटताना दिसली. पाल्याला तिनं तोंडही लावलं नव्हतं. माझंच काही चुकलं, आता ही मरणार, असं वाटून मी रडतच सासूबाईंना हाक मारली. खरं तर त्यांच्यासमोर तोंड उघडायलाही मी भ्यायची.

त्यांनी वाकून पाहिलं आणि चक्क हसल्या. "कावून रडून राहिली, पोरी? पिलाईसाठी गादी करून राहिली ते. त्या नराले येगळं ठेव पयले."

दुपारी त्या मऊ केसांत पाच पिल्लं वळवळत होती. सासूबाई माझ्याशेजारी टेकल्या आणि हळूच म्हणाल्या, "नवी आली तवा मीबी लय रडली होती."

तेव्हा वाटलं, मादी वाचली म्हणून जीव हलका झाला. आता कळतं, त्या दुपारी सासरची भीतीच गेली होती.