कारखान्याच्या टीमचं नाव आज राहिलं

मंडळी, जीव आत्ता कुठं भांड्यात पडलाय. दुपारी आमच्या सहकारी साखर कारखान्याची वार्षिक सभा होती आणि त्यात आमच्या फुटबॉल टीमचं नाव बदलायचा विषय होता.

दुष्काळात ऊसच नव्हता, गाळप बंद होतं, तेव्हा बॉयलरवरच्या कामगारांनी रिकाम्या यार्डात ही टीम काढली. नाव ठेवलं ‘बॉयलर’. अजूनही अंबाजोगाईला मॅच असली की लोक म्हणतात, "बॉयलर आलं!" आता तिला चेअरमनसाहेबांच्या वडिलांचं नाव द्यायचं होतं.

सेक्रेटरींनी अर्धंच वाक्य वाचलं आणि सगळे सवयीनं ओरडले, "मंजूर, मंजूर!"

मी उठलो. म्हटलं, इंग्लंडातला माझा आवडता क्लबही लोखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांनीच काढलाय. तिकडच्याच दुसऱ्या एका क्लबच्या नव्या मालकानं जर्सीचा रंग बदलला, तरी लोक जुनाच रंग घालून मॅचला यायचे. शेवटी मालकालाच माघार घ्यावी लागली.

बॉयलरवरून रिटायर झालेले दगडूतात्या मागून म्हणाले, "तितं मालक एकच हाय. हितं आपुन समदे सभासद मालक हावोत. मंग न ऐकताच कावून ओरडायलोत? विषय पुन्ना वाचा."

सेक्रेटरींनी पुन्हा वाचला, या वेळी पूर्ण. मंडपात एकही आवाज नाही.

माइक बंद पडला असं वाटून चेअरमनसाहेबांनी त्यावर टिचकी मारून पाहिली. माइक चालू होता. मग म्हणाले, "पुढचा विषय घ्या."

तुमच्याकडच्या सभेत विषय पूर्ण वाचून होईपर्यंत कुणी थांबतं का हो?