शिट्टीनंतरची मूठ

बास्केटबॉलची पंचगिरी आम्हाला शिकवायचे ते सर. "फाऊल दिसला की शिट्टी, आन् मूठ वर! पोरगं कुणाचं हाय ते बघायचं न्हाय!" त्यांची मूठ वर गेली की आमच्या विद्यार्थी संघटनेच्या मोर्चातल्या घोषणाही मवाळ वाटायच्या.

अंतिम सामन्यात शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांच्या पोरानं समोरच्याला सरळ ढकललं. सरांची शिट्टी वाजली, मूठ वर गेली. मैदानाकडेला पाहुण्यांच्या सोफ्यावर अध्यक्ष नुसते खाकरले. सरांची नोकरी त्यांच्याच शाळेत. मूठ उघडली, हातानं टोपी सारखी केली आणि चेंडू त्याच पोराला दिला.

"ओ पंच, हात आखडला व्हय?" गर्दीतनं कुणीतरी ओरडलं.

अध्यक्षांविरुद्ध मी पत्रक काढलं. सरांविरुद्ध एक ओळ लिहवली नाही.

दुसऱ्या सकाळी सर शिकवायला आले. "फाऊल दिसला की शिट्टी, आन् मूठ वर," म्हणाले. पुढच्या वाक्याची आम्ही वाट बघत राहिलो.