मास्तरांची भिंत आणि काकाजींचं रान

परक्या गिऱ्हाइकासमोर स्वतःच्याच घराची इतकी मनापासून निंदा करणारा माणूस काकाजींशिवाय अख्ख्या वऱ्हाडात दुसरा सापडायचा नाही, हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो. मोजल्याशिवाय मी काही बोलत नाही. तो गुण वडिलांचा. ते अकोल्यात गणिताचे मास्तर होते. त्यांच्या मागे त्यांचं घर माझ्याकडे आलं, पण मी राहतो अमरावतीला, भाड्याच्या दोन खोल्यांत, पाच माणसांसह. अकोल्याचं घर विकल्याशिवाय इथं स्वतःचं छप्पर होणं शक्य नव्हतं. आणि ते विकण्याच्या आड एकच गोष्ट येत होती : शेजारचे काकाजी.

काकाजींच्या आवारात वेडी बाभूळ, घाणेरी आणि गाजरगवत असं काही माजलं होतं की त्यांचं घर रस्त्यावरून दिसायचंच नाही. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात त्यांचा एखादा कूलर बंद पडायचा आणि आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीलगत जाऊन पडायचा. असे अकरा कूलर मी मोजले होते. भंगारवाला दारात आला की काकाजी त्याला पाणी पाजत, ख्यालीखुशाली विचारत आणि रिकाम्या हातानं परत पाठवत. गिऱ्हाईक आलं की मात्र बनियन आणि पट्ट्यांच्या चड्डीवर कुंपणाशी हजर. "घर पायता काय? घर झकास हाय. शेजार खराब हाय. मीच हावो तो शेजार." धामणगावच्या एका धान्याच्या व्यापाऱ्यानं भीत भीत विचारलं, "इथं साप वगैरे?" काकाजी म्हणाले, "तीन हायेत. चवथा येऊन-जाऊन असते." व्यापारी चपला घालायलाही थांबला नाही, हातात घेऊन गेला. अशी सहा गिऱ्हाइकं गेली. मी चिडून म्हणालो, "काकाजी, तुमचं माझं काही वैर आहे का?" ते शांतपणे म्हणाले, "इकू नोको ना बापू. कुलूप लावून ठेव. मी हावो ना ध्यान द्यायले."

सातवं गिऱ्हाईक अकोटच्या एका शिक्षिकाबाई होत्या. सापांची यादी ऐकून त्या म्हणाल्या, "आमच्या वावरात याहून मोठे हायेत. मले फक्त जागेची मोजणी करून द्या." मोजणी हा शब्द ऐकताच काकाजींचा चेहरा उतरला. मोजणीच्या दिवशी तर ते फाटकात काठी घेऊन उभे. "आज नाई जमत. आज सापाची तब्येत बरी नाई." मोजणीची माणसं हसली आणि आत शिरली. मीही कोयता घेऊन शिरलो. भिंत संपते तिथला, कोपऱ्यातला शेवटचा कूलर सरकवला आणि त्याच्याखाली हद्दीचा दगड निघाला. त्या दगडाच्या हिशेबानं आमच्या स्वयंपाकघराची भिंत काकाजींच्या जागेत अडीच फूट आत होती.

मी टेप चार वेळा लावला. चारही वेळा अडीच. ज्यांनी मला, स्वतःच्या मुलाला, अर्ध्या मार्कासाठी नापास केलं, त्या माझ्या वडिलांची मोजणी चुकली होती! मी तिथंच एका कूलरवर बसलो.

"झालं समाधान?" काकाजी म्हणाले. "एकतीस वर्सं झाकून ठेवलं होतं मी." पूर्वी मधे बोरीच्या काट्यांचं कुंपण होतं. ते दरवर्षी नव्यानं घालायचं आणि दरवर्षी चार बोटं सरकायचं. वडिलांनी फूटपट्टीसारखं अचूक मोजलं होतं, पण दगडापासून नाही, कुंपणापासून. "स्लॅब टाकल्यावर माह्या ध्यानात आलं. मास्तरले सांगाले गेलो, त ते पोरायले सांगून राहिले होते की भूमितीत चुकीले माफी नाई. मंग मी चहा पेलो अन् वापस आलो."

"आणि हे कूलर? हे रान?"

"दगड दिसला असता त दुसऱ्या दिवशी मास्तरनं स्वतः भिंत पाडली असती. माणूसच तसा."

मी म्हणालो, आता मी पाडतो. जे आपलं नाही ते विकता येत नाही. काकाजी पहिल्यांदाच माझ्यावर ओरडले, "मास्तर आता नाईत, त त्यायले चूक ठरवाले निघाला काय?" पुढच्याच आठवड्यात त्यांनी मला नोंदणी कार्यालयात नेलं आणि ती अडीच फुटांची पट्टी बक्षीसपत्रानं माझ्या नावे करून दिली. कारकुनानं विचारलं, "नातं काय लिहू?"

"शेजारी लिवा."

"ते नातं नाही होत, काका."

"मंग चूक तुमच्या कागदाची हाय."

घर बाईंना विकलं. काय काय घडलं ते मी त्यांना एकूण एक सांगितलं होतं. परवा किल्ल्यांचा राहिलेला जुडगा द्यायला अकोल्याला गेलो आणि फाटकापाशीच थबकलो. रान नाही, कूलर नाहीत, अंगण सारवलेलं. कोपऱ्यात तो दगड, चुना मारलेला. काकाजी ओट्यावर एकटेच बसले होते. म्हणाले, "कायले ठेवू आता? झाकाचं काई राहिलं नाई."

त्यांनीच चहा केला. आम्ही दोघं आमच्या जुन्या भिंतीकडे पाहत तो प्यालो. आतून बाईंच्या कुकरची शिट्टी ऐकू येत होती. निघताना फाटकाकडे जाताजाता सवयीनं पावलं मोजू लागलो, आणि नवव्या की दहाव्या पावलाला माझा आकडा चुकला.