बिल्ला नसलेला कैदी

पत्रकं लिहून वाटल्याबद्दल तीन महिने मी नंदुरबारच्या तुरुंगात होतो. तिथल्या प्रत्येक कैद्याच्या गळ्यात लाकडी बिल्ला असे आणि त्यावर सुटकेची तारीख. एकाच्याच गळ्यात तो नव्हता. तापीकाठचा हा शेतकरी भिंतीशी बोले, मध्येच तिच्यावर डोकं आपटून घेई. गुन्हा काही नाही. वेड्यांच्या इस्पितळात जागा होईपर्यंत म्हणून कोंडला, त्याला दोन वर्षं झाली होती. आजाऱ्याला चोरांत ठेवायचं आणि चोराला मिळते ती तारीखही त्याला द्यायची नाही, असा हा न्याय!

रोज सकाळी तो तोंड धुऊन रांगेत उभा राही आणि सदऱ्याची गुंडी सोडून उघडी छाती दाखवी. “जमादारबा, मन्हा बिल्ला कोठे शे?”

“तुन्ही तारीख देवले ठाऊक, राजा!” जमादार म्हणे. सगळे हसत.

मला संताप आला. एका फळकुटावर कोळशाने मी माझ्याच सुटकेची तारीख लिहिली आणि ते त्याच्या गळ्यात सदऱ्याखाली बांधलं. त्यानंतर त्याने एकदाही बिल्ला मागितला नाही की डोकं आपटलं नाही.

ती तारीख उजाडली तेव्हा घोंगडीची घडी करून, सगळ्यांना रामराम करून तो माझ्यामागे फाटकाशी आला. “आज मन्ही तारीख शे.”

जमादाराने फळकूट ओढून पाहिलं. “हाई कोणी लिखं रे?”

तो माझ्याकडे पाहत राहिला. नाव घेतलं नाही.

पत्रक मीच लिहिलं, असं कोर्टात मी छाती काढून सांगितलं होतं. इथे गप्प राहिलो. फाटक उघडलं आणि मी एकटा बाहेर आलो.