मॅडमच्या घरातला कचरा

आमच्या ऑफिसात सर्व्हरवरचा जुना डेटा दर तीन महिन्यांनी उडवतात. किस्से मात्र उडत नाहीत, साचतच जातात! त्यातले बरेचसे एकाच घराचे आहेत.

शहराच्या बुओना व्हिस्टा भागातल्या त्या ऑफिसात मी आणि मंगेश जुन्या इमारतींची थ्रीडी मॉडेल्स करायचो. तिकडची माणसं लेझर स्कॅनर इमारतीत फिरवून डेटा आमच्याकडे पाठवायचे. एकदा फ्रान्सच्या खेड्यातलं एक मॅनर हाउस आलं. जुन्या जमीनदारांचं दगडी घर, वय चारशे वर्षं. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. छप्पर खचलं, दुरुस्ती झेपेना, म्हणून घर एका हॉटेलवाल्याला विकलेलं. तो आतून सगळं पाडणार होता. स्कॅन झाल्यावर महिन्याभरात मॅडमचे यजमान, आंरी, गेले. मॅडमना आता एवढंच हवं होतं : वृद्धाश्रमात बसून ते घर होतं तसं बघायचं.

*

पहिल्याच व्हिडिओ कॉलला मॅडम म्हणाल्या, "हे माझं घर नाही."

दिवाणखान्याची एक भिंत चांगलीच कललेली होती. मंगेशला वाटलं, स्कॅन चुकलं. पठ्ठ्याने ती सरळ केली!

"आमच्या गवंड्यांना चारशे वर्षांत जमलं नाही ते तुम्ही केलंत," मॅडम म्हणाल्या. "आता परत वाकडी करा."

*

अंगणात एक गोल मनोरा होता, आतून शेकडो खणांचा. मंगेश म्हणाला, "लॉकर असणार." निघाला कबुतरखाना! जेवढे खण जास्त, तेवढा जमीनदार मोठा.

"इथे कबुतराला दाणा टाकला तर फाइन," मंगेश म्हणाला, "आणि तिथे त्यांना अख्खा टॉवर! मी क्लेमेंटीत भाड्याच्या एका खोलीत राहतो राव."

*

शहराच्या दुसऱ्या टोकाला, टॅम्पिनीसला, घरी माझी मुलगी लॅपटॉपमध्ये डोकावली आणि इथल्या शाळकरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, सो बिग हाउस, बट नो पीपल वन?"

मी सांगितलं, स्कॅनर समोर दिसेल ते टिपतो. कुत्रं, वाळत घातलेले कपडे, माणसं. आमच्या भाषेत तो सगळा कचरा. आधी तो पुसायचा, मग काम सुरू. नियम माझाच.

"देन हूज हाउस?"

मी लॅपटॉप मिटला.

*

शेवटच्या कॉलपर्यंत तिकडे घर आतून पाडून झालं होतं. मंगेशने मॅडमना मॉडेलच्या दारातून आत नेलं, गोल जिन्याने वर, परत खाली. वाकडी भिंत बघून त्या हसल्या. मग म्हणाल्या, स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबा. तिथली भिंत इतकी जाड, की खिडकीतच बसायला दगडी कट्टा कोरलेला.

"स्कॅनच्या दिवशी आंरी इथून उठेचना. मीच म्हटलं, बस, फक्त हलू नकोस. मशीन फिरेपर्यंत तो जराही हलला नाही."

कट्टा रिकामा होता. मंगेशने तो नियमाप्रमाणे साफ केला होता, आणि मूळ डेटा आदल्याच महिन्यात उडाला होता.

मॅडम पडद्याजवळ सरकल्या.

"उठला वाटतं," त्या म्हणाल्या. "बागेत बघा."

मंगेशने मॉडेल बागेकडे वळवलं.