मागच्या दारातलं क्रियापद

टीचर इंग्रजी क्रियापदाचा अर्थ कधी सांगत नसत, दाखवत. 'सिमर' शिकवायचं म्हणून त्यांनी आम्हां मुलींना स्वयंपाकघरात उभं केलं आणि माशांचं हुमण खळखळू न देता मंद आचेवर राखायला लावलं. अर्थ विचारला की आधी बघायला सांगत, "अर्थ मागीर. आदी पळे." बारावीनंतर हॉटेलात नोकरी धरायची तर इंग्रजी हवं, म्हणून डिचोलीजवळच्या त्यांच्या घरी, सोप्यावर आमची शिकवणी चाले.

'लूम' दाखवायला त्यांना लांब जावं लागलं नाही. त्यांनी मागचं दार उघडलं. समोर डंप होता, बंद पडलेल्या खाणीतल्या मातीचा डोंगरच. आकाश बघायला मान मागे टाकावी लागे. त्यावर लावलेली झाडं घराकडे कलली होती. "मोठें कितेंय आंगार येवपाचें आसा, पूण अजून येवंक ना. तें लूम," टीचर म्हणाल्या. मी हुशारीनं ढगांचं वाक्य करून दाखवलं, तर फटकारलंच. "हें पुस्तकांतलें. तुज्या घरचें सांग." त्यांच्या घरचं तर समोरच उभं होतं. त्या दिवसापासून मला तिथं डंपाकडे पाठ करून बसायची भीती वाटू लागली.

त्यांचा मुलगा म्हापशाला फ्लॅटमध्ये राहायचा, सारखा बोलवायचा. पण घर सोडायचं तर आधी ग्रामदेवीला प्रसाद लावायला, म्हणजे कौल घ्यायला हवा. आमच्याकडे देवीच्या अंगावर फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. टीचरांची एकही पडली नाही. दुपारपर्यंत बसून त्या परत आल्या. पुन्हा गेल्या, पुन्हा तेच.

मी चिडून म्हटलं, "टीचर, डंप कांय प्रसादाची वाट पळयतलो?"

"देवी हय म्हणना, ना म्हणना. तिणें सांगल्याबगर घर कशें सोडूं?" इंग्रजीतली बारीकशी चूक खपवून न घेणारी बाई, पण इथं देवीपुढे तिचंही काही चालेना.

गणपतीच्या चवथीच्या सुमारास पावसानं जोर धरला आणि मागच्या दारात तांबडा चिखल येऊन थांबला. दुसऱ्याच दिवशी टीचरांनी शिकवणी देवळाच्या अग्रशाळेत, भाविकांच्या उतरायच्या खोल्यांत हलवली. मी विचारलं, "आमकां हालयतना प्रसाद लायलो?"

"भुरग्यांचें देवीक कित्याक विचारूं?" मुलांचं देवीला कशाला विचारायचं, म्हणून त्या माझ्यावरच खेकसल्या.

त्याच आठवड्यात एका सकाळी डंप खाली आला. आम्ही अग्रशाळेत त्यांची वाट बघत बसलो होतो. आवाज तिथवर ऐकू आला. धावत गेलो, तर घराच्या जागी नुसती ओली माती होती. टीचर घरातच होत्या.

त्यांचा मुलगा देवीला वाट्टेल ते बोलला. मला देवीचा राग येत नाही, टीचरांचा येतो, अजून येतो. आमच्यासाठी त्यांना एका रात्रीत ठरवता आलं. स्वतःसाठी नाही.